एका रबरबँडमधली दोन कार्डं

९ नोव्हेंबर, रविवार

दोब्रिला,

वसतिगृहाच्या गच्चीवर आपण दोघी चादरींच्या घड्या घालायचो, ते तुला आठवतं का? सिस्टर बेनिन्या खालून स्वयंपाकघरातून ओरडायची, "कोपऱ्याला कोपरा, मुलींनो! देव बघतोय!" आणि तू दातांत चिमटा धरून म्हणायचीस, "देवाला चादरींशिवाय दुसरं काम नाही वाटतं?" मी अठरा वर्षांची, नर्सिंगच्या शाळेत शेवटच्या वर्षाला. तू चौदाची, आपल्या बेटावरून स्प्लिटला नुकतीच आलेली, संध्याकाळच्या बोटीचा भोंगा वाजला की रडणारी. एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोन पावलं पुढे, कोपरे जुळवायचे, दोन पावलं मागे. उत्तरेचं वारं सुटलं की चादर शिडासारखी फुगायची आणि तू हसत हसत मला फरफटत न्यायचीस. एवढंच. त्या दिवशी काहीच घडलं नव्हतं. तरी परवापासून मला तेच दिसतंय.

सहा वर्षांनी पहिल्यांदाच लिहितेय. पत्ता तुझ्या चुलतबहिणीकडून घेतला. यादरांका अजून बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसते आणि तिकीट देताना प्रत्येकाला "देव तुझ्याबरोबर जावो" म्हणते, जणू बोट बुडणारच आहे. पत्ता लिहून देताना म्हणाली, "तू तिची थोरली जाऊ, म्हणून देते. पण ती पत्र फाडून टाकणार." फाडायचं तर वाचून फाड.

दवाखाना चालू आहे. डॉक्टर दर गुरुवारी येतात, समुद्राने येऊ दिलं तर. बाकी दिवस मी एकटी. शिमेकाका नव्वदीचे झाले. त्यांच्या पायाची जखम तू बरी करत आणली होतीस, मी तिला नुसती वाढू देत नाही. माझा नवरा गुडघे धरून कण्हतो, तोच आपला फ्राने, पण मासे साफ करायला ओट्यावर तासभर बसला की गुडघे विसरतो. तुझ्या येरेच्या थडग्यावर दर महिन्याला रोझमेरीची डहाळी ठेवते. भावाच्या थडग्याला फ्राने यंदा चुन्याचा हात देऊन आला.

हे परवान्याचं वर्ष आहे. सहा वर्षांत नव्वद गुण, तुला सांगायला नको. माझे एक्क्याऐंशी झालेत. वीस तारखेला स्प्लिटला जखमांच्या देखभालीचं दिवसभराचं शिबिर आहे, त्याचे नेमके नऊ मिळतात. नाही मिळाले तर एकतीस डिसेंबरला परवाना संपला. माझी निवृत्तीला दोन वर्षं आहेत आणि माझ्या जागी यायला कोणी तयार नाही. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. बोटीतून उतरली, धक्क्यावरून बेट बघितलं आणि त्याच बोटीने परत गेली. नर्स नाही तर दवाखान्याला कुलूप. मग शिमेकाकांनी पट्टी बदलायला दोन तास समुद्रातून जायचं.

तुझा विषय मी काढणार नाही. सासूबाईंची जपमाळ तुझ्यासाठी ठेवली आहे, एवढंच कळवायचं होतं. खरं तर एवढंच नव्हतं. पण आज एवढंच.

तुझी
पेरीना


१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोब्रिला,

तू फोन केलास तेव्हा मी शिमेकाकांच्या पायाशी बसले होते, हातांत रबरी मोजे. म्हणून धड बोलता आलं नाही. म्हणजे, मी तसं म्हणाले.

"पत्रं पाठवू नकोस," तू म्हणालीस. "काळ्या शाईने लिहितेस. आमची म्हातारी सिन्योरा, मालकीण, दारातच विचारते, कोण गेलं?"

"निळ्या शाईने लिहीन."

"पेरीना, मी गंमत करत नाहीये."

"कशी आहेस?"

"उभी आहे. ब्याण्णव वर्षांच्या बाईला उचलते, बसवते, आंघोळ घालते. रक्तदाब बघायला मात्र बाहेरून नर्स येते. माझ्या निम्म्या वयाची. पट्टा उलटा बांधते. मी तोंड मिटून बघत बसते. परवाना नाही ना."

तेवढ्यात शिमेकाका ओरडले, "कोण, आपली दोब्रिला? ट्रिएस्टेहून? तिला सांग, ही पेरीना पट्टी अशी बांधते, जशी गाढवावर लाकडं बांधतात!"

तू हसलीस. मी ऐकलं. आणि हसू पुरतं थांबायच्या आत तू विचारलंस, "त्या दिवशी तू माझं कार्ड दोन्ही वेळा दाखवलं होतंस ना?"

मी म्हटलं, "पेशंट समोर आहे," आणि फोन ठेवला. पेशंटला कुठेही जायचं नव्हतं.

निळी शाई दुकानात नव्हती. हिरवी मिळाली.

पेरीना


१६ नोव्हेंबर, रविवार

दोब्रिला,

तीन दिवस दक्षिणेचं वारं. बोट नाही, वर्तमानपत्र नाही, भिंतींना घाम सुटलाय. मी दवाखान्यात जाते, फ्रिजचं तापमान वहीत लिहिते, घरी येते, चहा टाकते, तो तसाच ठेवून पुन्हा दवाखान्यात जाते. फ्राने म्हणाला, "बस गं एका जागी, मला चक्कर यायला लागली." मग म्हणाला, "कॉम्प्युटरवर पण गुण मिळतात ना? आपल्या पोरीला झाग्रेबला फोन कर, ती तुझ्या नावाने बसून सगळे प्रश्न सोडवून देईल. सगळ्या तेच करतात."

"सगळ्या तेच करतात," हे मी इतक्यांदा ऐकलंय. इतक्यांदा म्हटलंय.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. मला ते एकदा क्रमाने लावून बघायचंय.

बेटावर नर्स दोन, आणि शिबिराला जायचं एकीनेच. दोघी गेलो तर इन्सुलिन कोण देणार? म्हणून एकदा तू, एकदा मी, आणि जी जाईल तिच्या पिशवीत दोघींची कार्डं, एकाच रबरबँडमध्ये. सभागृहात शिरताना मशीनखाली धरायची, बाहेर पडताना पुन्हा धरायची. दोन्ही नोंदी झाल्या तरच गुण. सगळ्या बेटांवरच्या बायका हेच करायच्या. तू म्हणायचीस, "निम्मं सभागृह खिशात बसलेलं असतं आणि तेच जास्त लक्ष देऊन ऐकतं." परत आल्यावर जी गेली असेल तिने दुसरीला सगळं शिकवायचं, हा आपला नेम. तू मला ओट्यावर बसवून माझ्याच पायाला चार प्रकारच्या पट्ट्या बांधून दाखवल्या होत्यास. फ्राने आत आला आणि घाबरून बाहेर गेला. तेव्हा मला ते पाप वाटलं नाही. आजही तेवढं पाप वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पाळी तुझी होती. पण सासूबाईंना धाप लागली होती आणि त्यांना तुझाच हात लागायचा. माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ही सुई धरते की सळई?" म्हणून तू थांबलीस आणि मी गेले. सकाळी अकराला तू त्यांना इंजेक्शन दिलंस आणि दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही केलीस, जशी नेहमी करायचीस. सिस्टर बेनिन्याने शिकवलेली सवय. त्या सहीनेच पुढे तुझा घात केला.

मी संध्याकाळच्या बोटीने आले. तू धक्क्यावर होतीस, अंगात येरेचं जुनं जाकीट.

"झालं?"

"झालं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

डिसेंबरात नर्सिंग कौन्सिलने कळवलं, तुला तीन गुण कमी. कार्ड आत आल्याची नोंद आहे, बाहेर गेल्याची नाही. तू खवळलीस. मशीन बिघडलं असेल म्हणून भांडायला स्प्लिटला गेलीस, समितीसमोर उभी राहून म्हणालीस की मी तिथे हजर होते. त्यांनी दवाखान्याचं रजिस्टर मागवलं. मग विचारलं, बाई इंजेक्शन देत होत्या बेटावर, मग कार्ड कोण घेऊन आलं होतं?

तू नाव सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर परीक्षा देऊन परवाना परत मिळवू देणार होते. नाही सांगितलंस म्हणून परीक्षेचंही दार बंद.

इथे थांबते. धक्क्यापर्यंत जाऊन वारं बघून येते.

गेले, आले. वारं तसंच आहे.

पेरीना


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोब्रिला,

बुधवारी समुद्र शांत झाला, डॉक्टर एक दिवस आधीच आले आणि मी स्प्लिटला पोचले. काल सकाळी साडेआठला त्याच सभागृहाच्या दारात रांगेत उभी होते. तेच लांब टेबल, तेच मशीन, मागे नवी मुलगी. कार्ड दाखवलं, नोंद झाली. दोन व्याख्यानं ऐकली. मधासारखं काहीतरी जखमेत भरायचं नवीन निघालंय, शिमेकाका ते चाटून बघतील.

दुपारच्या सुट्टीत शेजारची बाई जवळ सरकली. दुसऱ्या कुठल्यातरी बेटावरची, चाळिशीची, हात औषधाने फाटलेले, आपल्यासारखेच. म्हणाली, "मावशी, तुम्ही शेवटपर्यंत थांबणार ना? माझी चारची बोट आहे, पोरगी घरी तापाने पडलीय. जाताना एवढी घ्याल?" आणि माझ्या तळहातावर तीन कार्डं ठेवली. रबरबँडमध्ये.

माझ्या हाताला ती ओळखीची लागली. तेच वजन.

मी म्हटलं, "बाई, माझ्याकडे देऊ नकोस. मी विश्वासाची नाही."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. "अहो मावशी, सगळ्याच देतात!"

"मलाही एकीने दिलं होतं," मी म्हटलं, आणि तिची कार्डं तिच्या हातात परत दिली. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी आपण ताप चढलेल्या माणसाकडे बघतो.

दोब्रिला, मी बाहेर पडताना तुझं कार्ड दाखवलं नव्हतं.

आत जाताना दाखवलं. संध्याकाळी दारात मशीनमागची तेव्हाची मुलगी कार्डावरचा फोटो आणि तोंड पडताळून बघायला लागली होती. माझ्या पुढच्या बाईकडे दोन सापडली. तिचा चेहरा लाल झाला, सगळी रांग बघायला लागली. मी माझं एकच पुढे केलं. तुझं कोटाच्या खिशात मुठीत धरलं होतं, इतकं घट्ट की तळहातावर कोपरा उमटला. आणि धक्क्यावर तू विचारलंस तेव्हा तोच हात मी खिशातून काढला नाही.

खरं सांगितलं असतं तर तुझ्याजवळ दोन महिने होते. तीन गुण तू एका आठवड्यात मिळवले असतेस. समितीसमोर जावंच लागलं नसतं.

काल मी दुपारनंतर सभागृहात परत गेले नाही. कौन्सिलचं कार्यालय दोन गल्ल्या सोडून आहे, तिकडे चालत गेले. तिथली चिटणीसबाई जेवत होती, उकडलेलं अंडं आणि पाव. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने अंडं खाली ठेवलं.

"सहा वर्षांपूर्वीचं? मावशी, आता ते उकरून काय करणार? दोन वर्षांनी निवृत्त व्हाल."

"ती अजून शिक्षा भोगतेय."

"तुमचा परवाना जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

तिने हात पुसले. मग कागद पुढे सरकवला. "दोन प्रतींत लिहा. आणि अक्षर वाचता येईल असं काढा."

संध्याकाळी धक्क्याकडे जाताना आठवलं, माझंही कार्ड आत गेल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही. नऊ गुण गेले. मला एकटीलाच हसू आलं. तू असतीस तर तू जास्त हसली असतीस.

पेरीना


३० नोव्हेंबर, रविवार

दोब्रिला,

तुझा फोन नाही. बरोबर आहे. मी दिवसातून चार वेळा रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का बघते.

काल कबुलीजबाबाला चर्चमध्ये गेले होते. पाद्री तरुण आहे, म्हणाला, भीतीने माणसाकडून असं होतं, देव समजून घेतो. मी बाहेर आले आणि पायरीवर बसून राहिले, कारण मी त्याला अर्धंच सांगितलं होतं. आणि तुलाही.

त्या दिवशी दारात मी घाबरले, हे खरं. पण भीती बोटीपर्यंत टिकली असेल, पुढे नाही. त्या सकाळी चहाच्या वेळी आरोग्यखात्याच्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नव्या वर्षापासून आपल्या बेटावर नर्सची एकच जागा राहणार. कोणती, ते ठरायचं होतं. तू माझ्यापेक्षा चांगली नर्स होतीस. सगळं बेट जाणत होतं, सासूबाई तर ते तोंडावर म्हणत. दोन महिने मी रोज सकाळी ठरवायचे की आज तुला सांगते, आणि रोज ती एक जागा मध्ये यायची.

मी तुला घालवायचं ठरवलं नव्हतं. मी फक्त बोलले नाही. तू बोटीत बसलीस तेव्हाही मी रुमाल हलवत होते.

यापेक्षा जास्त माझ्याकडे लपवलेलं काही उरलं नाही. शोधून बघितलं.

पेरीना


८ डिसेंबर, सोमवार

दोब्रिला,

कौन्सिलचा निर्णय आज आला. तुझी प्रत ट्रिएस्टेला पोचली असेलच, तरी लिहिते. तुझ्यावरची बंदी उठली. मंगळवारी, सोळा तारखेला सकाळी नऊला परीक्षा आहे, समितीसमोर. माझा परवाना एकतीसनंतर नाही. आरोग्यखात्याचं म्हणणं, पंधरा जानेवारीपर्यंत कोणी रुजू झालं नाही तर दवाखाना बंद. त्या बाई म्हणाल्या, "कोण येणार तिकडे?" मी तुझं नाव घेतलं नाही. तुझ्या वतीने बोलण्याचा हक्क मला नाही.

आज सकाळी यादरांका स्वतः खिडकी बंद करून दवाखान्यात आली. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "कोणीतरी फोन केला होता. सतरा तारखेच्या बोटीची वेळ विचारली. नाव सांगितलं नाही, आवाज मुद्दाम जाडा काढला होता. दक्षिणेचं वारं असलं तर बोट वळसा घालून मागच्या धक्क्याला लागते का, ते विचारलं."

"मग?"

"मग काय! पाहुण्यांना मागचा धक्का माहीत असतो का?" आणि डोळे पुसत पुसत मलाच रागावली, "बघतेस काय? फरशी पूस दवाखान्याची!"

फरशी पुसली आहे. मी कशाचीही आशा धरत नाही. पण दवाखाना कोणाच्या तरी हाती सोपवताना सगळं लिहून ठेवायचं असतं, म्हणून लिहिते.

किल्ल्या यादरांकाकडे. औषधांच्या कपाटाची लहान किल्ली वेगळी, पिठाच्या डब्यात. फ्रानेलाही माहीत नाही.

लशींच्या फ्रिजचं दार तिरकं लागतं, गुडघ्याने ढकलायचं.

शिमेकाकांची पट्टी एक दिवसाआड, तुझ्या पद्धतीने, बोटांपासून वर. शिव्या दिल्या तर समजायचं बरे आहेत. गप्प असले तर ताप बघायचा.

वरच्या आळीतल्या मांदालेनाला इन्सुलिन, सकाळी चौदा युनिट, संध्याकाळी आठ युनिट. बदामाचा केक कपाटात लपवते, विचारलं की देवाची शपथ घेते. वजन कर, शपथ ऐकू नकोस.

दीपगृहावरच्या व्लाहोला रक्त पातळ करायच्या गोळ्या. डबी त्याच्या बायकोच्याच हातात द्यायची.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिन्ही विधवा बहिणींना जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तिघींना एकाच वेळी, नाहीतर ज्या दोघी थांबतात त्या भांडतात.

सासूबाईंची जपमाळ तुला. येरेचं जाकीट, जे तू धक्क्यावर माझ्या अंगावर टाकून गेली होतीस, तेही तुला. मी घातलं नाही, फक्त उन्हाला टाकत राहिले. गच्चीवरच्यासारखी एक मोठी चादर मी ठेवलीय, ती कोणालाही देऊ नकोस, तिची घडी एकटीला घालता येत नाही.

तुझं जुनं कार्ड या पाकिटात आहे, रबरबँडसकट. रबर सुकलंय, हात लावलास की तुटेल.

आणि यादीत शेवटचं एक नाव. पेरीना, वय त्रेसष्ट, फ्रानेच्या घरात, अंजिराच्या झाडाजवळ. रक्तदाबाची गोळी सकाळी एक. घेतली म्हणून सांगते, पण घेतलेली नसते. तिच्यावर विश्वास ठेवू नये. समोर बसून, गिळेपर्यंत बघत राहावं.